साडेनऊ बाय अठरा

बत्तीस वर्षं मी गाड्या उघड्यावर लावल्या.
सातपुड्याच्या पायथ्याचा मुक्काम,
पारापाशी एस्टी उभी, टपावर सतरंजी,
पहाटे काचेवर दव
आणि शेवटच्या सीटवर गावातलं एखादं कुत्रं.
म्हणून धनराज पुण्याहून म्हणाला, आप्पा, गाडी घेतोय,
तेव्हा मी रंग विचारला नाही.
म्हटलं, आधी छप्पर.

घराच्या उगवतीला जागा होती.
तिथे फुटका कूलर, कढीपत्ता,
वर्षानुवर्षं टाकू टाकू म्हणून ठेवलेला पत्रा.
टेप लावली: साडेनऊ बाय अठरा.
वर एक खोली, धनराज येईल तेव्हा.
कागदावर सगळं बसलं.
स्वयंपाकघराची खिडकी कागदावर नव्हती.

मुबारक तडवी मिस्त्री, बोलणं कमी, तंबाखू जास्त.
तापीची वाळू लिलावात अडकलेली,
खडी दळून केलेली आणली चोपड्याच्या बाहेरून.
त्याने चिमूट बोटांत चोळली,
म्हणाला, हिला पाण्याची ओळख नाही भाऊ,
सिमेंट एक घमेलं जास्त लागेल.

मे महिना, नळ चौथ्या दिवशी.
कोकिळा पहाटे पाचला भिंतीवर पाणी मारायची,
गोणपाट भिजवून विटांना पांघरायची.
कूलर कोरडा, भिंत ओली.
घरात चहा अर्धा कप झाला.

भिंत छातीपर्यंत आली, मग खांद्यापर्यंत,
आणि मसाल्याच्या डब्यावर सकाळी पडायचं ते ऊन
एक दिवस पडलं नाही.
कोकिळा काही बोलली नाही.
मी गाड्या हाकून एवढंच शिकलो:
इंजिन आवाज करतंय तोवर चालू द्यावं,
गप्प झालं तर उतरून बघावं.

उतरून बघितलं.

समोर इंदूबाईची खिडकी.
बावीस वर्षं दोघींच्या मधल्या कुंपणावरून
वाटीतून भरीत जायचं,
वाटीतून बिबड्यांचा चुरा यायचा,
रिकामी वाटी परत करायची नाही हा दोघींचा कायदा.
माझ्या कुठल्याच वेळापत्रकात ही फेरी नव्हती.
भिंतीपलीकडून इंदूबाई विचारत होती,
"आते वाटी कोठे ठेवू व माय?"
आणि कोकिळा अलीकडून, ओल्या गोणपाटाला,
"ठेव ना तठेच."

मी मुबारकला चहा दिला. तो प्यायला.
मग न विचारता वरचे चार थर
हाताने उतरवले, मसाला ओलाच होता.
दोरी धरली, या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत,
म्हणाला, एवढी मोकळी सोडतो.
गॅरेजला खिडकी कशाला, मी म्हटलं,
म्हणायचं म्हणून.
तो म्हणाला, गाडीला नाही.

स्लॅब पडला. शटर आलं, हिरवं, करकरतं.
गाडी आली नाही.
धनराजला पार्किंग तिकडेच मिळालं,
इकडे येईल दिवाळीत, चार दिवस.
वरची खोली कुलपात. चुन्याचा वास आत कोंडलेला.
पण खाली, भर दुपारी,
घरातली सगळ्यात गार जागा हीच निघाली.
मागच्या कोपऱ्यात खाट गेली,
खाटेमागून सूप, पाटा, इंदूबाईचे दुखणारे गुडघे,
तिच्या नातवाची सायकल.
एकदा मीही डुलकी काढली तिथे,
दोघींनी आवाज कमी केला नाही.

दिवाळीला रात्री साडेनऊला गाडी आली.
पांढरी, लांबडी, वासासकट नवी.
धनराज उलटी घेऊ लागला,
मी मागे उभा, हात हलवत, जुन्या आवाजात,
येऊ दे, येऊ दे, डावीकडे तोड, येऊ दे.
कोकिळा खाटेवरून उठली नाही.
बास, ती म्हणाली.
अजून सहा फूट आहेत आई.
असतील, ती म्हणाली. इथे आम्ही बसतो.

गाडी तिथेच राहिली,
मागची निम्मी आत, पुढची निम्मी बाहेर,
शटर उघडंच.
पहाटे उठून बघितलं,
बॉनेटवर दव होतं.
मी बाहीने पुसलं, सवयीने,
आणि वायपरपाशी कुणीतरी ठेवलेली
झाकलेली वाटी
उचलून आत दिली.