अक्रोडाचं खोड

संग्रहालयात सगळं आहे.
अठ्ठावीस सालची पहिली व्हर्नेत्ती, तिची पावती,
राजदूताच्या बायकोने परत धाडलेला दुसरा नमुना –
दार लावताना तो म्हणे नोकरासारखा खाकरायचा.
नाही फक्त पहिलीच्या डाव्या मडगार्डचा नकाशा.
काढलाच नव्हता कुणी.

म्हणून मी तोरिनोबाहेर, एर्मेलिंदाच्या परसात.
अक्रोडाचं खोड. डेल्मो त्यावर पत्रा ठोकायचा,
लाकडी हातोडीने, कान देऊन.
"पत्रा खोटं बोलला की त्याला लगेच कळायचं,"
ती म्हणते, "मी बोलले ते कधीच नाही."

खळग्यात खळगे.
सगळ्यात खोल, पोटुशीच्या पोटाएवढा, पहिल्या गाडीचा.
काठाशी लढाईनंतरची, रेशनवर वाढलेली, सडपातळ.
मग बावन्नची, वाऱ्यासाठी पाठ झुकवलेली.
एका कडेला उथळ, अर्धवट, साठची खूण:
त्या वर्षी कारखान्यात प्रेस आलं
आणि डेल्मो भर दुपारीच घरी आला.

आता तिथे पाणी साठतं.
मी मोजपट्टी काढली, खिशातून कॅमेराही.
"थांब जरा," एर्मेलिंदा म्हणाली.
दोन चिमण्या पहिल्या मॉडेलमध्ये
पंख झाडत होत्या.