टिचकी

स्टोकच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी कपांना कान लावले.
लावून झाला की एक टिचकी.
धड कप खणकन बोलतो,
केसाएवढी चीर असली तरी
बद्द वाजतो.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार
मीच फळीवर.
खिडकीकडची शेवटची खुर्ची,
मशिनवर पिवळी चिठ्ठी,
माझ्या रक्तात हेपटायटिस सी आहे म्हणून.
पलीकडून ग्रॅहम हात हलवतो.
डावा हात सुयांचा,
बांगड्या सगळ्या उजव्यात गेल्या.

बटाटे दोनदा उकडून, पाणी फेकून खाते,
तहान बर्फाच्या खड्यावर भागवते,
तरी साखर हटेना.
इन्सुलिन सोळा, वीस, सव्वीस.
डॉक्टर हेन्शॉनं पोटावर बोटं वाजवली
(मी कान टवकारले)
आणि म्हणाली, इन्सुलिन येतं, दार ठोठावतं,
पेशी कडी काढत नाहीत.
त्या विषाणूचंही काम असेल ते.
कधीपासून आहे, काही कल्पना?

तारीखसुद्धा ठाऊक आहे, बाई.
मिरज, एक्क्याऐंशी, थोरलीच्या वेळी.
रक्त थांबेना, भावाचा गट जुळेना,
कुठून तरी दोन बाटल्या आल्या,
उलट्या टांगल्या,
आणि पहाटे मी डोळे उघडले.

देणाऱ्यानं पैसे घेतले असतील,
नाहीतर नुसता चहा.
काय देतोय ते त्यालाही कुठे माहीत?
एकदा त्याला शिव्या घालायला बसले,
तर त्याला चेहराच नाही.
थोरलीला आहे. डर्बीला गणित शिकवते.
तिच्या धाकट्याचे दात पडायला लागलेत.

बारा आठवडे गोळ्या.
मग कागद आला: विषाणू आढळला नाही.
इन्सुलिन अठरावर.
काही दारं किलकिली झाली म्हणायची.
किडन्या परत आल्या नाहीत,
त्या येणारही नव्हत्या.

मॉरीननं चिठ्ठी सोलून काढली,
म्हणाली, आता कुठेही बस.
मी इथेच बसले.
इथून ती जुनी भट्टी दिसते,
बाटलीच्या आकाराची,
सरळ उभी, थंड.

चार तासांनी सुया निघतात.
अर्धा कप चहा, मोजून.
ओठाला लावण्याआधी
सवयीनं टिचकी मारते.
खणकन.
कान कुणी लावला असेल,
कोण जाणे.