पाऊण इंच

विमानाच्या टपाला भोक पाडायचं म्हणजे
आधी हात पुसायचे.
मग पेन्सिलीची फुली. ऑगस्टीन म्हणतो, "परत मोज."
मी परत मोजते.
तेच येतं, तरी म्हणतो, "अजून एकदा."
त्याच्या बापानं म्हणे पार्ल्याच्या चर्चची घंटा चढवली होती,
आणि दोर हातभर कमी पडला होता.

जुहूचं हँगर. पत्रा तापून टकटक वाजतोय.
तेलविहिरींकडे निघालेलं हेलिकॉप्टर
आमच्या चहात धूळ टाकून जातं.
मधोमध धैर्यवान डॉक्टरांचं चार खुर्च्यांचं विमान,
अस्तर सोललेलं, फासळ्या दिसतायत.
उभा जन्म लोकांच्या डोळ्यांवर सुरी चालवली या माणसानं,
आणि आत्ता पाठ करून उभा आहे.
विचारतो, "झालं?"

झालं नाही.
ॲल्युमिनियम पापडाएवढं पातळ,
ड्रिलखाली आधी कुरकुरतं, मग एकदम सोडून देतं.
कीस माझ्या केसांत.
छपराच्या फुटक्या पत्र्यातून आलेलं ऊन
आता आमच्याही भोकातून आत उतरलं,
उजव्या खुर्चीवर,
चार आण्याच्या नाण्याएवढं.
"तिथं मालती बसायची."
डॉक्टर कधी वळले कळलं नाही.
"नकाशा उलटा धरायची. मी चिडायचो."
ऑगस्टीननं कानस उगाच जोरात चालवायला घेतली.

हँगरच्या आत या रेडिओला काही ऐकू येत नाही.
उपग्रह पत्र्याआडून बोलत नाही, त्याला आकाश लागतं.
तिघांनी ढकलून विमान बाहेर काढलं.
आग्नेयेला, सांताक्रूझच्या पाण्याच्या टाक्यांच्याही वर,
छत्तीस हजार किलोमीटरवर
एक पेटी जागच्या जागी टांगलेली.
खरं तर फिरतेच, पण पृथ्वीच्या पावलाला पाऊल लावून,
म्हणून थांबल्यासारखी.
पडद्यावर एक दांडी उमटली. दोन. तीन.
कुणी परकी बाई हवामान सांगू लागली.
ऑगस्टीन म्हणाला, "एवढ्या वरून, आणि सांगते काय, तर ऊन पडेल."

मग इंजिन चालू केलं
आणि गाण्याच्या पाठीमागून बारीक शिट्टी यायला लागली.
इंजिन वाढवलं की शिट्टी वर चढायची,
मच्छरदाणीत शिरलेल्या डासासारखी.
तीन दिवस शोधली.
चौथ्या दिवशी सापडली एक काळी वायर,
दोन ठिकाणी अर्थ दिलेली.
आमच्या धंद्यात अर्थ एकच असावा लागतो,
दोन झाले की गोंगाट.
एक तोडला.

"टॉवर बोलला की गाणं आपोआप गप्प होईल," मी सांगितलं.
"आणि शेजारचं माणूस बोललं तर?"
"तरीही. तो बघा, रिले. टक् करतो आणि वाट देतो."
त्यांनी मला उजव्या खुर्चीत बसवलं.
हेडफोनच्या फोमला पावडरीचा वास होता.
"बोला काहीतरी."
काय बोलायचं? मी म्हटलं, एक, दोन, तीन.
टक्. गाणं थांबलं.
मी थांबले. गाणं आलं.
"परत," डॉक्टर म्हणाले.
मी सत्तेचाळीसपर्यंत मोजलं.

संध्याकाळी वहीत नोंद केली:
वजन वाढलं एक किलो नऊशे ग्रॅम.
खाली माझी सही, केणी.

चार-पाच वर्षांनी ती सेवाच बंद पडली.
जुन्या रेडिओला मरताना खरखर तरी असायची.
हा एकदम गप्प झाला, काहीच न सांगता.
मी म्हटलं, काढून टाकू, भोकावर चकती बसवू, वजन वाचेल.
डॉक्टर म्हणाले, "असू दे."

वार्षिक तपासणीला अजून मीच जाते.
वरची अँटेना पुसते, कडेचं सीलंट नखानं दाबून बघते.
मग उजव्या खुर्चीत बसून मोजते.
थांबवायला आता गाणं नाही.
एक, दोन.
टक्.