तारा बदलू नयेत

तारा बदलू नयेत, हे माझं पहिलं मत.
माझ्या बेसवरच्या अकरा वर्षांच्या आहेत,
लिंबाच्या जुन्या लोणच्यासारख्या मुरलेल्या,
काळ्या, आणि औषधी.
क्रेग दर दोन महिन्यांनी नव्या घालतो.
त्याच्या गिटारमधून चमचे सांडतात.
क्रेग बेचाळीसचा आहे. कळेल.

दुसरं मत अ‍ॅम्पबद्दल.
शहात्तर साली, बस डेपोतल्या ओव्हरटाइमवर,
वाल्व्हचा घेतला होता, एकोणचाळीस किलोंचा.
वीव्हर्स आर्म्सच्या मागच्या जिन्यावर
क्लिफर्ड वर, मी खाली,
सतरावी पायरी तुटकी, हे दोघांनाही पाठ,
तरी दर वेळी दोघंही ओरडायचो, "सतरावी!"
माझ्या कमरेतली एक चकती
तिथंच कुठंतरी घरंगळली असणार.

आता साडेतीन किलोंचा डबा आहे,
कुमुदच्या इस्त्रीहून थोडा मोठा.
भाजीच्या पिशवीतून नेतो,
येताना पेट्रोल पंपावर घेतलेलं दूध त्याच्यावरच ठेवतो.
आवाज तेवढाच.
तेवढाच, पण
जुना तापायचा.
जानेवारीत, रॉचडेलमध्ये, मध्यंतराला
आम्ही चौघं त्याच्याभोवती हात शेकत उभे राहायचो,
मॉरीन तर त्यावर हातमोजे वाळवायची.

बिदागी ऐंशी पौंड. भागिले चार.
वजा पेट्रोल, वजा पार्किंग, वजा चिप्स.
गेल्या शुक्रवारी नऊ माणसं होती,
त्यातला एक प्रश्नमंजूषेला आलेला.
ती गुरुवारी असते.

लोक म्हणतात, बेस ऐकू येत नाही,
पण थांबला की सगळं कोसळतं.
मी थांबलोय एकदा. वायर निसटली,
वाकून शोधेपर्यंत पूर्ण दोन कडवी गेली.
काहीही कोसळलं नाही.
एक बाई नाचत होती, ती नाचतच राहिली.
फक्त क्लिफर्डनं ड्रमवरून पाहिलं,
आणि न्हाणीघराचं दार चुकून उघडावं
तशी नजर फिरवली.

मिरजेला माझा मामा तंबोऱ्यांची जवारी लावायचा.
घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा
रेसभर पुढे, रेसभर मागे,
डोळे मिटून, अर्धा अर्धा दिवस.
मी विचारलं होतं, मामा, मैफलीत तुझं नाव घेतात का?
तो म्हणाला, गप बस, हलला धागा.
हे मी क्लिफर्डला सांगितलं.
त्यानं विचारलं, तासाला किती घ्यायचा?

डाव्या हाताची अनामिका हल्ली सकाळी वळत नाही.
मँचेस्टरच्या दुकानातला पोरगा
आखूड मानेचा बेस पुढे करत म्हणाला,
"सर, तुमच्या वयाचे बरेच जण हाच नेतात."
मी नाही घेतला.
मंगळवारी परत जाऊन घेतला.
कुमुद म्हणाली, म्हणजे आता चार.
तीन, मी म्हणालो. गॅरेजमधला वाजत नाही.
मग तो ठेवलाय कशाला?
या प्रश्नावर माझं मत नाही.

शुक्रवारी घरी यायला एक वाजला.
कानात शिट्टी, ती आता रोजचीच;
कापसाचे बोळे विसाव्या वर्षी घालायला हवे होते,
हेही एक मत, उशिरा आलेलं.
स्वयंपाकघरात अंधारात बसलो, बेस मांडीवर,
अ‍ॅम्प पिशवीतच.
फ्रिज गुणगुणत होता,
जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याहून केसभर चढा.
मी तार किंचित ओढून त्याच्याशी जुळवली,
आणि तो एकच स्वर धरून राहिलो,
अनामिकेनंच, मुद्दाम.
वरून कुमुदनं विचारलं, कोण आहे?
कुणी नाही, मी म्हणालो.

मग फ्रिज खट्कन थांबला.
घर केवढं मोठं झालं एकाएकी.
त्यात मी, माझा एक स्वर, थोडा बेसूर,
आणि दूध अजून बाहेरच, पिशवीत.