येणं

कोरुशेच्या बूच-कारखान्यात
एउलालियाला व्यवस्थापक केलं तेव्हा
टेबलावर फुलं आली, एक जड किल्ली आली
आणि सत्तावीस पानांचं पत्रक आलं.
फुलांचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

बावीस वर्षं ती अंगठ्यानं साल दाबून सांगत आलेली,
कुठलं बूच गळेल,
कुठलं वाइनला तीस वर्षं सांभाळेल.
आकड्यांवर तिनं तोच अंगठा ठेवून पाहिला.
कागद नुसताच गुळगुळीत होता.

शेवटच्या ओळीत नफा : एक्क्याऐंशी हजार युरो.
आणि सकाळीच बँकेतला माणूस फोनवर म्हणालेला,
महिनाअखेरच्या पगाराला नऊ हजार कमी पडतायत, बाई.

मग हे एक्क्याऐंशी हजार आहेत कुठे?
तिनं बेल्मिरोला विचारलं, दार लावून, हळू आवाजात,
बावीस वर्षांनी असलं काही विचारायचं म्हणजे.

बेल्मिरो हिशेबनीस. निवृत्तीला सात महिने,
कानात केस, खिशात बडीशेपेच्या गोळ्या.
त्यानं पत्रक मिटलं, टोपी घातली,
तिला मागच्या अंगणात नेलं.
जूनमध्ये सोललेल्या सालीच्या थप्प्या
दोन पुरुष उंच, उन्हात करड्या होत चाललेल्या.

"हे बघ तुझे पैसे. वाळताहेत."

सोलणाऱ्यांना जूनमध्येच दिले, रोजच्या रोज, रोख.
कुऱ्हाड उधारीवर चालत नाही.
साल आता सहा महिने इथे पडणार,
मग उकळणार, मग बूच, मग ट्रक,
मग बोर्दोचा व्यापारी एकशेवीस दिवसांनी पैसे पाठवणार,
आठवलं तर.
पत्रकाला काय, ट्रक फाटकाबाहेर पडला की पुरे,
ते नफा लिहून मोकळं.

आमच्या भाषेत ज्याला खेळतं भांडवल म्हणतात
ते त्या अंगणात उताणं झोपलेलं होतं.
आणि ज्याला येणं म्हणतात,
ते म्हणजे जे अजून आलेलंच नाही.

"आणि घसारा?" पान अकरा तिच्या डोक्यातून जात नव्हतं.
चौदा हजार, आणि कुणाला दिले त्याची पावती नाही.
बेल्मिरोनं उकळायच्या टाकीवर दोन बोटं वाजवली.
"हिला. दर वर्षी थोडी झिजते.
खिशातून काही जात नाही. पण जातं."
एउलालियानं नकळत
स्वतःचं उजवं मनगट चोळलं.

गुरुवारी बैठक. मालकांचा पुतण्या दुआर्ते
नवी ऑर्डर घेऊन आलेला, चाळीस लाख बुचं!
टाळ्या झाल्या, कुणीतरी बाटली मागवली.

"पैसे कधी?" तिनं विचारलं.
"एकशेऐंशी दिवस. मोठं गिऱ्हाईक आहे."
"आणि तोवर सोलणाऱ्यांना मी काय देऊ? पान सहा?"

कुणीतरी खुर्ची सरकवली.
"तिसरा हिस्सा आधी," ती म्हणाली, "नाहीतर अर्धाच माल."
"गिऱ्हाईक जाईल."
"जाईल कदाचित."
हे म्हणताना तिचे कान तापले होते.
बेल्मिरोनं एक गोळी तोंडात टाकली
आणि छताकडे बघत बसला.
बाटली कुणी उघडली नाही.

संध्याकाळी ती टेकडीमागच्या रानातून घरी गेली.
कॉर्क-ओकची सोललेली खोडं, तांबडी, उघडी,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा :
चार, म्हणजे चारच्या साली सोललं,
आता तीनच्या सालापर्यंत हात लावायचा नाही.
झाडसुद्धा नऊ वर्षांच्या वायद्यानं देतं,
पण तारीख अंगावर लिहून उभं राहतं.

तिनं चारवर अंगठा दाबला. हे तिला वाचता येत होतं.
फोन पाहिला.
बोर्दोहून अजून काही नव्हतं.