पुरवणी

मे महिना. अमरावती रोडवरचं मूल्यांकन केंद्र.
कूलरला नवा वाळा लावलाय, पाणी भरायचं मात्र राहिलंय,
त्यामुळे नुसतीच लू येते, वाळ्याच्या वासाची.
समोर गठ्ठा : बी.ए. भाग दोन, मध्ययुगीन युरोप.
प्रश्न चौथा, गुण आठ —
‘राजसत्तेतील राणीचे स्थान स्पष्ट करा.’

आदर्श उत्तराचा कागद डाव्या हाताशी.
वारस देणे : दोन गुण.
लग्नातून तह : दोन.
राजाजवळ दयायाचना : दोन.
राजा बाहेर असताना कारभार : दोन.
बाळंतपणात गेली तर काय,
ते कागदावर नाही.

सगळ्यांनी एकच गाईड घोकलंय.
‘राणी ही दरबाराची शोभा होती’
आज एकोणचाळीसाव्यांदा वाचलं, आणि बरोबरची खूण केली.

दयायाचनेशी मी दर वर्षी अडते.
भर दरबारात गुडघे टेकायचे,
पोटुशी असली तर आणखी बरं.
राजा आधी मान हलवणार, नाही म्हणणार,
मग हळूहळू विरघळणार, आणि मानेभोवतीचे दोर सुटणार.
सोडायचं त्यालाही होतंच.
आपणहून सोडलं असतं तर राजा कच्चा ठरला असता,
म्हणून गुडघे तिचे.

इतवारीतल्या आमच्या दोन खोल्यांत
दादानं बाबांची लुना परस्पर विकली, त्या रात्री
आईनं पदर पसरला होता.
बाबा ओरडले, पाटावरून उठले, जेवले नाहीत.
पण दाराची कडी त्यांनीच आधी काढून ठेवली होती.
मी पाहिलं होतं. आईनंही पाहिलं असणार.

मग हा पेपर आला.
निळी शाई, ओळी उताराला लागलेल्या.
‘राजा लढाईवर गेला की शिक्का राणीजवळ राहते.
राजा आला की राणी शिक्का वापस करते.
आमच्या गावात उलटं आहे.
जागा बायांची निघाली म्हणून माय सरपंच झाली.
राजा कुठीच गेला नाही.
शिक्का बाबाच्या शर्टाच्या खिशात राहते.
शर्ट धुवाले निघाला की माय शिक्का काढून
फळीवर ठेवते, वाळला की परत खिशात टाकते.
एक दिवस बाबा भंडाऱ्याले लग्नाला गेले.
शर्ट घरीच होता. त्या दिवशी मायनं’

पान संपलं.
खाली कोपऱ्यात : पुरवणी जोडली आहे.
दोरा आहे. दोऱ्याची गाठ आहे.
पुरवणी नाही.

गठ्ठा उलटा केला, टेबलाखाली वाकले,
शेजारचे उईके सर म्हणाले, काय हरवलं मॅडम?
म्हटलं, एक दिवस.
त्यांनी चष्म्यातून ओळी चाळल्या.
‘विषय सोडून लिहिलंय. दोन टाका न् पुढे चला,
पाचपर्यंत तीस व्हायचे आहेत अजून.’

काय केलं असेल तिनं?
कुणा बाईचं नाव घरावर चढवलं असेल?
हातपंपाचा ठराव? दारूच्या दुकानाला नाही?
की नुसताच कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला असेल,
एकदा, दोनदा,
आणि कागद चुलीत?

खुर्ची सरकवून उठले, मॉडरेटरच्या टेबलाशी गेले.
‘सर, एक विनंती होती,’
आवाज माझाच, पण किती मऊ,
किती जुन्या दरबारातला.
त्यांनी मान वर करायच्या आत मी म्हटलं,
काही नाही, पाणी सांगायचं होतं कूलरमध्ये.

परत येऊन लाल पेनाचं टोपण काढलं.
आठपैकी सात.
एक कापला, पुरवणी नाही म्हणून.
तो माझ्याजवळच आहे.
त्या दिवशीचं कळलं
की देईन.