लाभ, दोन, तीन

पहिलीत बाईंनी चिंचोके मोजायला दिले
आणि मी म्हटलं : लाभ, दोन, तीन.
वर्ग हसला. बाई घाटावरच्या, नवीन.
छडी उचलून विचारलं, एक कुठे गेला?
मला काय ठाऊक. आमच्या घरात एक नव्हताच.
भात मोजताना बाबा पहिली पायली ओतत,
लाभ म्हणत आणि थांबत जरासे,
जणू वरून कुणाची तरी सही व्हायची आहे.

मापारी.
जैतापूरच्या धक्क्यावर गलबतं लागत तेव्हा
मीठ मापणारे आम्ही, खोताच्या खळ्यावर भात मापणारे आम्ही.
सात पिढ्यांची नावं बाबा एका दमात म्हणत.
पाटीवर आडनावाखाली त्यांनी रंगवून घेतलं होतं :
मापात पाप नाही.
पावसाळ्यागणिक त्यातला 'नाही' आधी उडायचा.

मापारी दोन होते गावात,
आम्ही आणि खालच्या मोहल्ल्यातले.
पोस्टमन अदलाबदल करायचा.
कुवेतचं पाकीट आमच्या ओटीवर,
आमच्या देवीच्या जत्रेची पत्रिका दाऊदचाचांकडे.
परत करायला रिकाम्या हाताने जायचं नाही, 
इकडून गरे, तिकडून सांदणं.
बँकेतला साहेब माझं आडनाव वाचून मान वर करतो,
पूर्ण नाव वाचून पुन्हा खाली घालतो.
तेवढ्यात त्याने काय मोजलं, मी विचारत नाही.

लग्नात आडनाव बदललं. नवरा गेल्यावर परत आले,
शिलाई मशीन टेम्पोत घालून.
गाव म्हणालं, मापारीण शेवटी मापंच घेते.

गेल्या मे महिन्यात दाऊदचाचा आले.
घर विकलं होतं, मुलगा घेऊन चालला होता.
काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.
"तुमची हाय गो ही. आमच्या माळ्यावर होती."
पायली. शिसवी, पितळेची पट्टी मारलेली.
आमची आहे की, म्हटलं, देवाजवळ ठेवलेली.
"ती देवची," ते म्हणाले. "ही घेवची."

मामलेदार मापं तपासायला यायचा होता,
त्याच्या आदल्या रात्री
माझ्या पणज्याने ती त्यांच्या पणज्याकडे ठेवली.
"न्हेवक आलो नाय कधी. आमी इचारला नाय."
चार पिढ्या नाही विचारलं.
एवढी पत्रं इकडची तिकडे झाली,
ही गोष्ट तेवढी झाली नाही.
चहा त्यांनी संपवला, बशी पुसल्यासारखी स्वच्छ.
उतरणीवर मी त्यांचा हात धरला.

दार लावून दोन्ही भरल्या.
बोटाने सपाट केल्या.
मोठीतले धाकटीत ओतले.
उरले ते तांदूळ दीड मूठ.
पायलीमागे दीड मूठ, वर्षाला किती खंडी, किती वर्षं,
गुणाकार मांडला आणि तसाच सोडला.
नावं सुटेनात.
माझ्या मापांच्या वहीतच आहेत ती सगळी,
तेरवणकर छाती छत्तीस, बाही साडेसात,
शिरसेकर, गळा मागून खोल नको,
राघवांची सून, हुक पुढे.
ह्यातल्या कुणाच्या पणजीची पेज पातळ झाली असेल,
ते कुठल्याच वहीत नाही.

त्या तांदळाचं काय करायचं असतं?
देवळात ठेवावेत तर देवी खोताची.
रात्री शिजवले आणि जेवले, लोणच्याबरोबर.
चव नेहमीचीच होती, ह्याचंच वाईट वाटलं.

आता दोन्ही पायल्या मशीनजवळ असतात,
एकीत बटणं, दुसरीत हुक.
मोठी कुठली, मला सांगावं लागत नाही,
पोरं हात घालून ओळखतात.
पाटीला ह्या वर्षी रंग दिला नाही.
आणि ब्लाउज शिवताना आतून माया सोडते,
दोन्ही कुशींना, लागते त्याहून दीड बोट जास्त.
बायका उलटून बघतात,
कापड फुकट घालवतेस गो, म्हणतात.
असू दे, मी म्हणते.
अंगं काय, वाढतात.